शेजाऱ्याच्या मिळकतीवरून ठरणारे भाडे

एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही बाहेर आलो, तेव्हा चर्चच्या पायरीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस थांबवून विचारले, "फादर, अमेरिकेतही माणसे घरावाचून राहतात म्हणे. खरे का हो?" त्यांचा भाचा तिकडे बोझमन नावाच्या शहरी एका हॉटेलात कामाला आहे. त्याने फोनवर सांगितले होते की, आपल्याबरोबर भांडी घासणारा एक मनुष्य रोज रात्री स्वतःच्या मोटारीत झोपतो. "मोटार आहे आणि घर नाही, हे दारिद्र्य तरी कसले?" असे म्हणून ते हसले. हसलो आम्हीही, परंतु आम्ही दिलेले उत्तर अर्धेमुर्धे होते. उरलेले उत्तर येथे देत आहोत, कारण हा प्रश्न एकट्या बोझमनचा नव्हे. जे गाव भराभर वाढते, तेथे तो आज ना उद्या उभा राहतोच.

बोझमन हे अमेरिकेच्या वायव्य भागातील मोंटाना राज्यात आहे. हे राज्य क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून मोठे, पण 2020 च्या शिरगणतीत तेथील वस्ती अकरा लाखांच्याही आत भरली. म्हणजे आपल्या गोव्याहून कमी. बोझमन वसले आहे पर्वतांनी वेढलेल्या गॅलटिन खोऱ्यात. 1883 साली तेथे आगगाडी आली आणि 1893 साली जे महाविद्यालय निघाले, त्याचेच आज मोंटाना राज्य विद्यापीठ झाले आहे. जवळच यलोस्टोन हे जगप्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान आणि बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळाची मोठी ठिकाणे. 2010 साली शहराची वस्ती 37,280 होती. 2020 साली ती 53,293 झाली. दहा वर्षांत 43 टक्के वाढ! आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावी दहा वर्षांत अशी भर पडली, तर पाणी, शाळा आणि दफनभूमी या तिन्हींची काय अवस्था होईल, ते वाचकांनीच पाहावे.

आलेल्यांत विद्यार्थी होते, संगणकाच्या व्यवसायातील तज्ज्ञ होते, आणि 2020 च्या महामारीनंतर तर घरबसल्या दूरच्या कचेरीचे काम करणारे, मोठ्या शहरांचा पगार घेऊन डोंगराच्या पायथ्याशी राहू इच्छिणारे पुष्कळ होते. त्यांचा दोष काय? निर्मळ हवा कोणाला नको असते? परंतु अशा मनुष्यास घर घेताना दोन पैसे अधिक मोजणे जड जात नाही, आणि त्याच गल्लीत जन्मलेल्या शिक्षिकेस, रुग्णालयातील परिचारिकेस, दुकानातील कारकुनास ते अशक्य होते. मग सबंध दिवस नोकरी करणारी माणसे रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या जुन्या चाकाच्या घरांत राहू लागली. तेथील हिवाळा म्हणजे काही आपली धनुर्मासातील थंडी नव्हे. पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो. 2023 साली अशा वाहनांनी एका जागी किती दिवस थांबावे, यावर नगरपालिकेने निर्बंध घातले. निर्बंध घालणे सोपे असते.

घरे बांधण्याचे जे मुख्य साधन तेथील नगरपालिकेच्या व सेवाभावी संस्थांच्या हाती आहे, ते मोठे विलक्षण आहे. सरकार स्वतः घर बांधत नाही, बांधणाऱ्यास रोख पैसाही देत नाही; ते कर सोडते. त्यास तिकडे टॅक्स क्रेडिट म्हणतात. आपण करसूट म्हणू.

पूर्वी असे नव्हते. 1937 च्या कायद्याने अमेरिकेत सरकारी चाळी बांधण्याचे पर्व सुरू झाले. त्यांतील काही चांगल्या चालल्या, काहींची दुर्दशा झाली. सेंट लुइस येथील अकरा मजल्यांच्या 33 इमारतींची एक वसाहत तर 1972 पासून सुरुंग लावून पाडावी लागली. पुढील वर्षी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी नव्या बांधकामाच्या मंजुऱ्या थांबविल्या, आणि 1986 साली रेगन यांच्या कारकिर्दीत जो मोठा करसुधारणा कायदा झाला, त्याने देशाच्या करसंहितेच्या बेचाळिसाव्या कलमात ही करसूट आणली. प्रथम ती तात्पुरती होती, 1993 साली ती कायमची झाली. तिच्या योगाने आजवर 35 लाखांहून अधिक घरे उभी राहिली किंवा दुरुस्त झाली आहेत, ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे. पुढे आम्ही थोडी टीका करणार आहोत. म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

करसूट म्हणजे काय, हे आपल्या गावच्या भाषेत असे सांगता येईल. समजा, गावातील एका सधन गृहस्थाकडून पंचायतीस घरपट्टीचे शंभर रुपये येणे आहेत. पंचायत त्यास म्हणते, "शाळामास्तरांच्या बिऱ्हाडासाठी खोली बांधायची आहे. तू आज पंच्याऐंशी रुपये घाल. तुझी शंभर रुपयांची पट्टी आम्ही दहा वर्षांत दहा-दहा रुपये करून सोडून देऊ." गृहस्थास पंधरा रुपयांचा लाभ होतो, मास्तरांची खोली होते, आणि पंचायतीच्या पेटीतून एक पैसाही बाहेर गेल्याचे दिसत नाही. दिसत नाही, एवढेच. शंभर रुपये यायचे ते आले नाहीत, हे खरेच. अमेरिकेच्या खजिन्यास ही सूट दरसाल दहा अब्ज डॉलरांहून अधिक पडते.

येथील सधन गृहस्थ म्हणजे बहुधा बँक. 1977 च्या एका कायद्यान्वये ज्या वस्तीतून ठेवी घ्यायच्या, त्या वस्तीच्या गरजाही बँकांनी भागवाव्या अशी अपेक्षा असते. त्यामुळे बँकांना अशा कामी पैसा घालणे दोन्ही बाजूंनी सोयीचे पडते. एक उदाहरण घेऊ. जमीन सोडून बांधकामाचा खर्च एक कोटी डॉलर आहे. मोठी करसूट, म्हणजे सुमारे नऊ टक्क्यांची, मिळाली तर वर्षाला नऊ लाख याप्रमाणे दहा वर्षांत नव्वद लाखांचा कर माफ होतो. डॉलरामागे 85 सेंट या भावाने बँकेने तो हक्क घेतला असे धरले, तर बांधणाऱ्यास 76 लाख 50 हजार आजच मिळतात. कर्ज काढायचे राहते ते थोडके, आणि कर्ज थोडके म्हणून भाडे कमी ठेवता येते. सारी किमया एवढीच. दुसरी सूट चार टक्क्यांची. तिच्यातून याच हिशेबाने 34 लाख येतात, म्हणून तिच्या जोडीला सरकारमान्य करमुक्त रोखे आणि इतर कर्जे काढावी लागतात. या व्यवस्थेत इमारतीच्या मालकीचे शंभरातील 99.99 भाग कागदोपत्री पैसा घालणाऱ्याचे असतात आणि बांधून चालविणाऱ्याचा उरतो 0.01 भाग. आमच्या एका वकील मित्रास हे सांगितले, तेव्हा त्याने पुन्हा एकदा विचारले, "दशांशचिन्ह बरोबर ठिकाणी आहे ना?" आहे.

मोठी सूट कोणास द्यायची, ते प्रत्येक राज्य ठरविते. मोंटानात हे काम राज्याच्या गृहनिर्माण मंडळाकडे असते. राज्याचा वाटा लोकसंख्येवर ठरतो: 2024 साली माणशी 2.90 डॉलर, आणि लहान राज्यास निदान 33 लाख 60 हजार. मोंटाना लहानांत मोडते. समजा, एका इमारतीस वर्षाला सहा-सात लाखांची सूट लागली. म्हणजे सबंध राज्यात वर्षाकाठी पाच इमारती. त्यांतली एखादी बोझमनला आली तर आली, नाहीतर दुसऱ्या गावी गेली. जुलै 2025 मध्ये झालेल्या कायद्याने हा वाटा 2026 पासून 12 टक्क्यांनी वाढला आणि चार टक्क्यांच्या सुटीसाठी निम्म्या खर्चाचे करमुक्त रोखे लागत, ते आता चौथाई पुरतात. थोडा श्वास मिळाला, असे म्हणता येईल.

बोझमनमध्ये या मार्गाने काही चांगली कामे झाली आहेत. लार्कस्पर कॉमन्स नावाची वसाहत त्यांतलीच. अलीकडे तेथील ह्यूमन रिसोर्स डेव्हलपमेंट कौन्सिल या संस्थेच्या साहाय्याने 232 घरांची दुसरी एक वसाहत उभी राहिली, तिचा एक भाग वयस्करांसाठी राखलेला आहे. शहराच्या हाती पूर्वी आणखी एक हत्यार होते. नव्या वसाहती बांधणाऱ्यांनी त्यांत काही घरे स्वस्त ठेवलीच पाहिजेत, असा नियम नगरपालिकेने केला होता. 2021 साली राज्याच्या कायदेमंडळाने अशी सक्ती करण्यास बंदी केली, आणि ते हत्यार गेले. राज्यात सर्वसाधारण विक्रीकरही नाही. लक्षावधी प्रवासी येतात, जेवतात, खरेदी करतात, पण त्या खरेदीतून शहराच्या गरीबखात्यात काही पडत नाही. म्हणून करसुटीचाच धावा करावा लागतो.

आता या घरांत कोणास राहता येते, ते पाहू. परिसरातील सर्व कुटुंबे मिळकतीच्या क्रमाने एका ओळीत उभी केली, तर बरोबर मधोमध येणाऱ्या कुटुंबाची जी मिळकत तिला मध्य-उत्पन्न म्हणू. साधारणतः त्या आकड्याच्या साठ टक्क्यांपर्यंत ज्यांची मिळकत आहे, त्यांस या घरांत प्रवेश मिळतो. 2018 पासून सरासरी साठ टक्के राखून काही घरे ऐंशी टक्क्यांपर्यंतच्यांना देता येतात. पगाराचे दाखले द्यावे लागतात. घरातील सारीच माणसे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर बहुधा प्रवेश नसतो. विद्यापीठाच्या गावी हा नियम नसता, तर घरे विद्यार्थ्यांनीच भरली असती. मात्र एकटी आई शिकत असेल आणि मुले तिच्यावर अवलंबून असतील, तर तिला दार बंद नाही. आणखी एक गोष्ट आम्हांस फार आवडली: आत आल्यावर मिळकत वाढली म्हणून कोणास बाहेर काढीत नाहीत. चार पैसे अधिक मिळविल्याची शिक्षा गरिबास होऊ नये, एवढी माणुसकी कायद्यात आहे.

(आमच्या गोव्याच्या वाचकांस येथे मुंबईतील कूड आठवतील. धोबी तलावच्या आसपास आपापल्या गावच्या नावाने चालविलेल्या त्या वसतिस्थानांत बोटीवर जाणाऱ्या खलाशास ट्रंक ठेवायला आणि पाठ टेकायला जागा मिळे. तेथे पगाराचा दाखला कोणी मागत नसे. गाव कोणते, एवढेच विचारीत. अर्थात तेथे बायको-मुलांची सोय नव्हती, हेही खरे.)

पण खरी मेख आहे ती भाड्यात. जुन्या सरकारी चाळींत भाडेकरूच्या स्वतःच्या मिळकतीच्या तीस टक्के भाडे घेण्याची रीत आहे. मिळकत घटली की भाडेही घटते. करसुटीच्या घरांचे तसे नाही. तेथे भाड्याची मर्यादा भाडेकरूच्या पगारावरून ठरत नाही, परिसराच्या मध्य-उत्पन्नावरून ठरते. आणि मध्य-उत्पन्न वाढविते कोण? तेच, जे मोठा पगार घेऊन नव्याने राहावयास आले.

आकड्यांनी पाहू. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, रीत मात्र कायद्याची आहे. तीन माणसांच्या कुटुंबाचे मध्य-उत्पन्न 80,000 डॉलर आहे. त्याचे साठ टक्के 48,000. त्याचे तीस टक्के वर्षाचे 14,400. म्हणजे महिन्याचे भाडे, दिवा आणि उष्णतेचा खर्च धरून, जास्तीत जास्त 1,200. दोन मुलांची एक आई तासाला अठरा डॉलरांवर काम करते. आठवड्याचे चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकही दिवस आजारी न पडता तिला मिळतात 37,440 डॉलर. तिच्या मिळकतीतील शंभरापैकी 38 डॉलर भाड्यात जातात. ओढाताण होते, पण निभते. पाच-सात वर्षांत शहर वाढले, मध्य-उत्पन्न एक लाखावर गेले. मालकाने तिला दोन डॉलर वाढवून दिले. आता तिची मिळकत 41,600. पण नवी भाड्याची मर्यादा? साठ हजारांचे तीस टक्के, म्हणजे महिन्याला 1,500. शंभरापैकी 43 डॉलर आता भाड्यात जातात. तिचा पगार वाढला, घर तेच, भिंती त्याच, नळ गळतो तो पूर्वीसारखाच गळतो. आणि तरीही ती पूर्वीपेक्षा गरीब झाली. कारण तिच्या घराचे माप शेजाऱ्याच्या मिळकतीने घेतले जाते.

कोणी म्हणेल, मर्यादा वाढली म्हणून मालकाने भाडे वाढविलेच पाहिजे असे थोडेच आहे? नाही. सेवाभावी संस्था पुष्कळदा वाढवीतही नाहीत. परंतु विमा महागतो, दुरुस्ती महागते, बँकेचा हप्ता थांबत नाही; जी वाढ कायदा करू देतो, ती करण्याचा मोह आणि कधी कधी गरजही असतेच. शिवाय मर्यादा वर जाते तशी खाली येत नाही. एकदा ठरलेली मर्यादा इमारतीस पुढेही लागू राहावी, अशी 2008 सालच्या कायद्याने तजवीज केली आहे. ओरड झाल्यावर 2024 पासून एका वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढ होऊ नये असे ठरले. दहा टक्के! ज्या भांडी घासणाऱ्याचा पगार एका वर्षात दहा टक्के वाढला, तो आम्ही अजून पाहिलेला नाही.

ज्यांची मिळकत फारच थोडी, त्यांस भाड्याची वेगळी सरकारी चिठ्ठी मिळू शकते, आणि ती चिठ्ठी आहे म्हणून करसुटीच्या घराचा मालक कोणास नाकारू शकत नाही. परंतु अशा मदतीस पात्र असलेल्या चार कुटुंबांपैकी सुमारे एकासच ती लाभते. आमच्या मते तेथील कायदेपंडितांनी निदान वाढत्या शहरांपुरते तरी भाडे तेथल्या कामकऱ्यांच्या रोजगाराशी बांधावयास हवे होते. आम्ही काही अर्थशास्त्री नव्हे. पण ज्याने दाराबाहेर उभे राहावे लागले, त्याच मापाने आतल्याचे भाडे ठरवावे, यात न्याय दिसत नाही.

दुसरी अडचण काळाची. पहिली पंधरा वर्षे करखात्याचा डोळा असतो; नियम मोडला तर दिलेली सूट परत घेतात. पुढे आणखी पंधरा वर्षे, म्हणजे एकूण निदान तीस, भाड्याचे बंधन राहते. 1990 पूर्वीच्या इमारतींस पंधराच वर्षांचे बंधन होते. त्यांची मुदत केव्हाच संपली. त्यातही एक पळवाट आहे. चौदा वर्षे झाल्यावर मालक राज्यास सांगू शकतो, "मला ही इमारत विकायची आहे, कायद्याने ठरलेल्या किमतीस गिऱ्हाईक आणा." ती किंमत पुष्कळदा बाजारभावाहून जास्त निघते. वर्षभरात गिऱ्हाईक न मिळाले, तर बंधन सुटते; राहत्या भाडेकरूंस आणखी तीन वर्षांचे अभय, मग मोकळे रान. अनेक राज्ये आता मोठी सूट देतानाच मालकाकडून या हक्कावर पाणी सोडून घेतात, हे शहाणपण उशिरा आले तरी आले.

म्हणून इमारत कोणाच्या हाती आहे, याला महत्त्व येते. 1981 साली ओमाहा येथील दयेच्या भगिनींनी, म्हणजे सिस्टर्स ऑफ मर्सी या संघाने, मर्सी हाउसिंग ही संस्था काढली. करसुटीच्या मार्गाने घरे उभारणाऱ्या देशातील मोठ्या सेवाभावी संस्थांत ती गणली जाते. पंधरा वर्षांनंतर अशा संस्थेस उरलेले कर्ज व कर एवढ्याच किमतीत इमारत विकत घेण्याचा पहिला हक्क करारात लिहून ठेवता येतो. घर मग बाजारात जात नाही. परंतु अलीकडे काही ठिकाणी जुन्या बँकांचे हिस्से नव्या धनिकांनी विकत घेतले आणि 99.99 च्या जोरावर हा हक्क मान्य करण्यास नकार दिला. खटले झाले. कित्येक वर्षे ज्यांनी भाडेकरूंची सुखदुःखे पाहिली, त्यांना आपल्याच दारासाठी वकील लावावा लागला.

बँकेच्या नफ्यावर गरिबाचे छप्पर टांगले, की दोरीही तिच्याच हाती राहते. 2008 च्या मंदीत बँकांस नफाच उरला नाही. कर नाही, तर करसूट कोणास हवी? अनेक बांधकामे अर्ध्यावर अडली, आणि 2009 साली सरकारला न वापरलेली सूट परत घेऊन राज्यांना रोख पैसे द्यावे लागले. जे सरळ मार्गाने देता येत होते, ते अशा वेळी सरळ मार्गानेच द्यावे लागले.

हे सारे आम्ही त्या वृद्ध गृहस्थांना दुसऱ्या एका रविवारी सांगितले. घरपट्टीचा दृष्टान्त त्यांस लगेच कळला; 99.99 चा त्यांनी नाद सोडला. मग म्हणाले, "ते असो, फादर. त्या मोटारीतल्या माणसाला यातलं काही मिळेल का?" आम्ही म्हणालो, अशा घरांसाठी नाव नोंदवावे लागते आणि पाळी आली की दिलेल्या पत्त्यावर कळवितात, त्याने नाव घातले आहे का, एवढे भाच्यास विचारून पाहा. त्यांनी विचारले. नाव घातले आहे. यादी लांब आहे, आणि पत्ता म्हणून त्याने हॉटेलचाच दिला आहे.